पॉइंट टू-टू, दोनशे यार्ड आणि चौदा मित्र: नेमबाजीचा एक शनिवार कसा भरवायचा

चाप ओढला की लगेच काहीच होत नाही. 'फट्' असा छोटा आवाज, खांद्याला जेमतेम जाणवेल एवढा धक्का, आणि मग शांतता. मनात येतं, हुकली वाटतं. तेवढ्यात लांबून 'टिंग' ऐकू येतं. दोनशे यार्डांवरच्या पोलादी तबकडीपर्यंत पोचायला पॉइंट टू-टूच्या, म्हणजे ०.२२ इंची छोट्या गोळीला साधारण ०.६ सेकंद लागतात, आणि तबकडीचा आवाज आपल्यापर्यंत यायला आणखी अर्धा सेकंद. त्या सेकंद-सव्वा सेकंदात नवख्या माणसाचा चेहरा बघण्यासारखा असतो. गेली सहा वर्षं मी हा उद्योग करतोय तो मुख्यतः त्या चेहऱ्यांसाठी.

मी मध्य टेक्सासमध्ये राहतो. दर ऑक्टोबरात, दसऱ्याच्या जवळचा शनिवार धरून, आम्ही दहा-पंधरा मराठी टाळकी एका क्लबच्या रेंजवर जमतो. खंडेनवमीला शस्त्रं पुजायची रीत आपल्याकडे आहेच, आणि इथला जीवघेणा उन्हाळाही तेव्हा ओसरलेला असतो. आधी मोजकेच जण यायचे. १ ऑगस्ट २०२४ ला कोल्हापूरजवळच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्यपदक घेतलं आणि 'अरे, तू ते नेमबाजीचं काहीतरी करतोस ना?' असे फोन सुरू झाले. स्वप्नीलच्या हातातलं काडतूस आणि आमचं काडतूस एकाच जातीचं, पॉइंट टू-टू लाँग रायफल. फरक एवढाच की त्याला ५० मीटरवर १०.४ मिलिमीटरचं वर्तुळ फोडायचं असतं आणि आम्हाला दोनशे यार्डांवर जेवणाच्या ताटाहून जरा लहान तबकडी वाजवायची असते.

तुम्हालाही असा मैत्रीचा सामना भरवायचा असेल तर काय काय करावं लागतं, ते आमच्या चुकांसकट लिहितो. सगळं अमेरिकेपुरतं आहे. भारतात पॉइंट टू-टूची नेमबाजी रायफल असोसिएशनच्या रेंजवर, त्यांच्या नियमांत चालते. तिथे जाऊन हे प्रयोग करू नका.

आधी व्हिसा, मग रायफल

हे पहिलं सांगतोय कारण आपल्या लोकांना हेच माहीत नसतं. एच-वन-बी, एल-वन, एफ-वन, एच-फोर, आईबाबा येतात तो बी-टू, हे सगळे नॉन-इमिग्रंट व्हिसा. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार अशा व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूकच नाही, काडतूसही बाळगता येत नाही. 'विकत कुठे घेतोय, मित्राची आहे, पाच मिनिटं चालवून बघतो' हा बचाव चालत नाही. देणारा मित्रही अडकू शकतो. ग्रीन कार्डवाल्यांना आणि नागरिकांना ही आडकाठी नाही.

कायद्यात काही अपवाद आहेत. आपल्या उपयोगाचा अपवाद म्हणजे कुठल्याही राज्याचा चालू असलेला शिकारीचा परवाना, म्हणजे हंटिंग लायसन्स. बरेच एच-वन-बीवाले तो काढतात. पण त्यावरची तारीख बघा. टेक्सासमध्ये हा परवाना ३१ ऑगस्टला संपतो, मग तो कधीही काढलेला असो. आमच्याकडे एक जण मोठ्या ऐटीत परवाना घेऊन आला होता, तो दीड महिन्यापूर्वी मेलेला. बिचारा दिवसभर दुर्बिणीला डोळा लावून बसला. व्हिसाचं प्रकरण नाजूक असतं, तेव्हा शंका असेल तर इमिग्रेशन वकिलाला विचारा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला नको.

म्हणून निमंत्रण पाठवतानाच मी प्रत्येकाला खासगीत विचारतो. चारचौघांत नाही. ज्यांना रायफल हातात घेता येत नाही त्यांच्यासाठी खरीखुरी कामं ठेवतो: गुण लिहिणं, घड्याळ, दुर्बीण. एका वर्षी एका मित्राची आई आली होती, बी-टूवर. निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी वही आखली, गुण लिहिले आणि 'लागली असेल हो' म्हणणाऱ्या प्रत्येकाला 'असेल की आहे?' असं विचारून गप्प केलं. तेव्हापासून गुणांवरून वाद नाही.

जागा

मित्राचं शेत आहे, पन्नास एकर आहे, तिकडेच करू, असं कोणीतरी म्हणणारच. नको म्हणा. पॉइंट टू-टूच्या खोक्यावर ही गोळी दीड मैलापर्यंत धोकादायक आहे, अशी सूचना छापलेली असते. दीड मैल म्हणजे जवळजवळ अडीच किलोमीटर. 'खेळण्यातली बंदूक' म्हणून जिला हिणवतात तिचा हा पल्ला. शिवाय ही गोळी साध्या शिशाची, संथ आणि बोथट. कठीण जमीन, दगड किंवा पाणी लागलं की ती उसळून भलतीकडे जाते. मध्य टेक्सासची जमीन म्हणजे मातीच्या बोटभर थराखाली चुनखडीचा दगड, तिथे तर हे हमखास.

म्हणून क्लबची रेंज घ्या. तिच्या टोकाला मातीचा उंच बांध हवा, आणि मधल्या अंतरावर तबकड्या लावायच्या असतील तर प्रत्येक तबकडीमागून गेलेली गोळी कुठे थांबेल हे नेमबाजाच्या जागेवर पालथं पडून बघायला हवं. उभं राहून बघितलं तर फसगत होते. उभ्या माणसाला तबकडीमागे बांध दिसतो, पालथ्या पडलेल्याच्या रेषेत मधला उंचवटा येतो. आम्ही पहिल्या वर्षी दीडशे यार्डांची तबकडी अशाच एका उंचवट्याच्या कडेला ठोकली होती. क्लबच्या रेंज ऑफिसरने ती उपटायला लावली. तेव्हा राग आला होता.

क्लबला आधी विचारायच्या गोष्टी: पाहुणे किती चालतात, प्रत्येकाची सही लागणारा कागद कोणता, लहान मुलांना वयाची अट काय, पोलादी तबकड्या चालतात का, आणि त्यांचा रेंज ऑफिसर मिळेल का. मिळत असेल तर पैसे देऊन घ्या. तबकड्या लावायला जाताना जाड बूट घाला आणि खांबांच्या बुंध्याशी हात घालण्याआधी काठीने खडखडाट करा. ऑक्टोबरात रॅटलस्नेक अजून बाहेर असतात.

रायफली आणि काडतुसं

चौदा माणसांना चौदा रायफली लागत नाहीत. चार पुरतात, आणि खरं तर चारच बऱ्या, लक्ष ठेवायला सोप्या. नवख्यांसाठी मी बोल्ट अ‍ॅक्शनच वापरतो: सीझेड ४५७, टिक्का टी-वन-एक्स, सॅव्हेज मार्क टू अशा. रुगर १०/२२ ही इथली लाडकी रायफल, १९६४ पासून घराघरात पोचलेली, पण ती सेमी-ऑटोमॅटिक. एक गोळी सुटली की दुसरी आपोआप तयार. बोल्टची रायफल प्रत्येक गोळीनंतर माणसाला थांबवते. बोल्ट उचला, मागे ओढा, पुंगळी उडते, पुन्हा पुढे ढकला. त्या तीन सेकंदांत श्वासही जागेवर येतो आणि शेजाऱ्याला बोलायलाही सापडतं.

काडतुसांबद्दल थोडं लांबण लावतो, कारण इथेच लोक पैसे वाया घालवतात. रिमफायर म्हणजे ज्याची ठिणगी बुडाच्या कडेत असते ते काडतूस. पेटणारा मसाला त्या कडेच्या पोकळीत फिरवून बसवलेला असतो. तो प्रत्येक काडतुसात अगदी सारखा बसणं अवघड. त्यामुळे एकाच खोक्यातल्या दोन गोळ्यांच्या वेगात फरक पडतो. पन्नास यार्डांवर तो कळतही नाही. दोनशे यार्डांवर सेकंदाला ४० फुटांचा फरक म्हणजे तबकडीवर चार-पाच इंच वर-खाली. तुम्ही श्वास धरला, चाप हळुवार ओढला, वारा बरोबर ओळखला, आणि तरी गोळी तबकडीखालून गेली. नवख्याला वाटतं आपलंच चुकलं.

तेव्हा स्वस्तातला पाचशे गोळ्यांचा डबा घरी ठेवा. 'स्टँडर्ड व्हेलॉसिटी' किंवा मॅच दर्जाची काडतुसं घ्या: सीसीआय स्टँडर्ड, एसके स्टँडर्ड प्लस, हात सैल असेल तर लापुआ सेंटर-एक्स. सगळ्यांसाठी एकच प्रकार आणि खोक्यांवरचा लॉट नंबरही एकच. या गोळ्या सेकंदाला १०७० फुटांच्या आसपास निघतात, म्हणजे आवाजाच्या वेगापेक्षा जरा कमी. मुद्दाम कमी. 'हाय व्हेलॉसिटी' लिहिलेली गोळी १२५० फुटांनी निघते आणि वाटेतच आवाजाच्या वेगाखाली उतरते. त्या उतरणीत हवेचा विरोध खूप असतो आणि गोळी डळमळते.

यातली गंमत अशी की वेगवान गोळीला शंभर यार्डांवर आडवा वारा जास्त ढकलतो, संथ गोळीला कमी. वाऱ्याचा ढकला गोळी किती वेळ हवेत आहे यावर नाही, तर हवेच्या विरोधाने तिचा किती वेळ 'वाया' गेला यावर ठरतो. हे मी दरवर्षी समजावतो आणि दरवर्षी दोन इंजिनिअर अर्धा तास भांडतात. चहाच्या वेळी सांगावं, रांगेवर नको.

दोन, चार, सहा

गोळी सरळ जात नाही, पडत जाते. पॉइंट टू-टू तर फारच पडते. पन्नास यार्डांवर शून्य केलेली रायफल, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागेल अशी बसवलेली, शंभर यार्डांवर साधारण सात इंच खाली मारते आणि दोनशेवर चाळीस-पंचेचाळीस इंच. मीटरभराहून जरा जास्तच. हाच या खेळाचा जीव आहे. मोठ्या काडतुसाला हजार यार्डांवर जे हिशेब करावे लागतात त्यातले बरेचसे इथे दोनशे यार्डांत करावे लागतात, आणि गोळीमागे खर्च काही सेंट.

रायफलीवरची दुर्बीण, म्हणजे स्कोप, मिल या कोनाच्या मापात मोजणारा असेल तर वरचं चक्र किती फिरवायचं ते लक्षात ठेवायला सोपं आहे. शंभरला दोन मिल, दीडशेला चार, दोनशेला सहा आणि वर चिमूटभर. दोन, चार, सहा. स्कोप एमओए, म्हणजे कोनाचं दुसरं माप, मोजत असेल तर सातचा पाढा: सात, चौदा, एकवीस. हे आकडे सुरुवातीचे. प्रत्येक रायफलीची खरी गोळी घालून ते दुरुस्त करावेच लागतात. मी आदल्या शनिवारी एकटा जाऊन चारही रायफली पन्नासवर शून्य करतो, मग तिन्ही अंतरांचे आकडे तपासून चिठ्ठीवर लिहितो आणि ती चिठ्ठी दस्त्यावर चिकटवतो. सामन्याच्या सकाळी हे करायला गेलात तर दुपारचं जेवण संध्याकाळी होईल.

दोन अडचणी हमखास येतात. एक, स्वस्त स्कोपचं चक्र एकवीस एमओएपर्यंत वर चढतच नाही, मध्येच अडतं. त्यावर उपाय म्हणजे स्कोपखाली २० एमओएचा उतार असलेली पट्टी बसवणं. दुसरी, डोळा जरा हलवला की स्कोपातली नेमाची फुली तबकडीवरून सरकते. स्कोपचं पॅरलॅक्स त्या अंतराला जुळवलेलं नसलं की असं होतं. पॅरलॅक्सची वेगळी कळ असलेला स्कोप घ्या. नसेल तर नवख्याला प्रत्येक वेळी गाल त्याच जागी टेकवायला शिकवा.

आणि अंतर मोजा. लेझर रेंजफाइंडरने मोजा, पावलांनी नको. दोनशे यार्ड समजून लावलेली तबकडी प्रत्यक्षात दोनशे दहावर असेल तर गोळी साडेतीन इंचांच्या आसपास खाली जाते. सहा इंचाच्या तबकडीच्या मध्यावर नेम धरलेला माणूस चक्क हुकतो, आणि कोणाला कळत नाही का.

तबकड्या आणि गुण

कागदी टार्गेटं स्वस्त, पण दोनशे यार्डांवर पॉइंट टू-टूचं भोक साध्या स्कोपातून दिसत नाही. दर पाच गोळ्यांनी सगळ्यांनी चालत जाणं म्हणजे दिंडी. पोलाद वाजतं, म्हणून पोलाद. एआर-५०० दर्जाचं, म्हणजे मुद्दाम कठीण केलेलं, पॉइंट टू-टूला पाव इंच जाडी पुरते. वरची कड नेमबाजाकडे थोडी झुकेल अशी टांगा, म्हणजे गोळीचा चुरा खाली जमिनीत जातो. ज्या तबकडीवर मोठ्या बंदुकीने खड्डे पडलेत ती वापरू नका, खड्डा चुरा परत आपल्याकडे फेकतो. चष्मा प्रत्येकाला, बघ्यांनासुद्धा. प्रत्येक फेरीनंतर पांढरा स्प्रे मारा. पांढऱ्यावर शिशाचा करडा ठिपका दुर्बिणीतून छान दिसतो आणि गोळी कुठे लागतेय ते नवख्याला सांगता येतं.

आमची मांडणी अशी: ५० यार्डांवर दोन इंचांची तबकडी, १०० वर चार, १५० वर सहा, २०० वर आठ इंचांची. प्रत्येक अंतरावर पाच गोळ्या. पन्नासच्या टिंगला एक गुण, शंभरला दोन, मग तीन, मग चार. वीस गोळ्या, पन्नास गुण. तरबेज लोकांना हे सोपं वाटतं. वाटू दे. पहिल्या वर्षी मी दोनशेवर चार इंचांची तबकडी लावली होती, आपण काहीतरी कठीण करतोय या मस्तीत. सहा जणांनी एकही टिंग ऐकला नाही आणि त्यातले चार पुन्हा आले नाहीत.

खरी युक्ती जोडीची आहे. प्रत्येक जाणकाराबरोबर एक नवखा. दोघांचे गुण एकत्र. जाणकाराने नवख्याच्या रायफलीला हात लावायचा नाही, पण दुर्बिणीतून बघून 'अर्धी तबकडी डावीकडे धर' एवढं सांगायचं. मग तो जाणकार स्वतःच्या वीस गोळ्यांपेक्षा नवख्याच्या वीस गोळ्यांना जास्त जपतो, आणि नवऱ्याने बायकोला शिकवायचं हा घरोघरचा स्फोटक प्रकार टाळण्यासाठी जोड्या चिठ्ठ्या टाकून पाडतो. हिशेबही जमतो. दोघांच्या चाळीस गोळ्या, अधिक प्रत्येकी पाच सरावाच्या, म्हणजे पन्नास. बरोबर एक खोकं.

बरोबरी झाली तर पन्नास यार्डांवरचा रॅक. दोन इंचांपासून अर्ध्या इंचापर्यंत उतरत्या पाच तबकड्या. एकेक वाजवत जायचं, कुठेही थांबून 'बास' म्हणायचं आणि तेवढे गुण घ्यायचे. पुढे गेलात आणि हुकलात तर सगळं शून्य. इथले लोक याला 'नो युवर लिमिट्स' म्हणतात. आमच्याकडे त्याचं नाव 'हाव' पडलंय.

दुसऱ्या गावातल्या मित्रांशीही असा सामना होतो. ही कल्पना जुनी आहे. १९०९ पासूनच्या ड्यूअर चषकासाठी अमेरिका आणि ब्रिटनचे वीस-वीस नेमबाज आपापल्या देशातच राहून ५० यार्डांवर वीस आणि १०० यार्डांवर वीस गोळ्या मारत आणि मग गुण जुळवत. आमची नॉर्थ कॅरोलिनाची मंडळी त्याच धर्तीवर त्यांच्या रेंजवर कागदी टार्गेटावर मारतात, आम्ही आमच्या. अशा सामन्याला मात्र कागदच हवा, टिंगचा फोटो निघत नाही.

त्या दिवशी

जो भरवतो त्याने त्या दिवशी रायफल हातात घ्यायची नाही. हा माझा एकमेव कडक नियम. तिसऱ्या वर्षी मी 'दोनच गोळ्या' म्हणून पालथा पडलो आणि त्याच वेळी रांगेच्या टोकाला एक जण भरलेली रायफल हातात धरून मागे वळला, फोटोसाठी. काही झालं नाही. क्लबच्या ऑफिसरने त्याचं मनगट धरून नळी पुढे केली. मी उठलो तेव्हा माझे पाय थरथरत होते.

सकाळी आठला जमा, अर्धा तास फक्त बोलणं. रायफली तेव्हा बंद पेटीत. सांगायचं ते थोडकंच असतं. प्रत्येक रायफल भरलेलीच आहे असं समजायचं. नळी कायम बांधाकडे. नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर. तबकडीच्या मागे काय आहे ते माहीत असल्याशिवाय गोळी नाही. मग प्रत्येकाकडून रिकाम्या रायफलीवर एकदा करून घ्यायचं. मान डोलावणं आणि करणं यात फार अंतर आहे.

हुकूम इंग्रजीतच. 'रेंज इज हॉट' म्हणजे रांग चालू, 'सीझ फायर' म्हणजे त्या क्षणी थांबा, 'रेंज इज कोल्ड' म्हणजे बोल्ट उघडे, मॅगझिन बाहेर, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागी, रंगीत झेंडी, सगळे रेषेच्या मागे, आणि मगच कोणीतरी तबकड्यांकडे जायचं. रेंज कोल्ड असताना रायफलीला बोट लावायचं नाही, पुसायलासुद्धा. आम्ही एकदा मराठीत हुकूम देऊन बघितले. मागे टेबलाशी एका वहिनी 'अगं थांब, थांब' असं मुलीला ओरडल्या, तिने चिवड्याचा डबा उपडा केला होता, आणि अख्खी रांग गोठली. सीझ फायर मात्र कोणीही ओरडावं. दहा वर्षांच्या मुलानेसुद्धा. चुकून ओरडला तर त्याला शाबासकी द्यावी.

चाप ओढला आणि गोळी सुटलीच नाही, तर नळी बांधाकडे तशीच ठेवून तीस सेकंद मोजायचे, मग बोल्ट उघडायचा. रिमफायरमध्ये हे होतं. नेहमीपेक्षा दबका 'फुस्स' आवाज आला तर मात्र पुढची गोळी अजिबात नको. आधीची नळीत अडकलेली असू शकते. बोल्ट काढून नळीतून उजेड दिसतो का बघा.

आवाज लहान वाटतो म्हणून कानांचं संरक्षण टाळणारे भेटतात. टाळू द्यायचं नाही. प्रथमोपचाराच्या पेटीत टूर्निके, म्हणजे रक्तस्राव थांबवायला आवळायचा पट्टा, आणि ती वापरता येणारी दोन माणसं हवीत. रेंजचा पूर्ण पत्ता मोठ्या अक्षरांत पुठ्ठ्यावर लिहून टेबलावर ठेवा. असल्या ठिकाणी फोनला रेंज नसते (हा विनोद दरवर्षी होतो), तेव्हा कुठे उभं राहिलं की फोन लागतो तेही आधी शोधून ठेवा.

पूजा करणार असाल तर सगळं आटपल्यावर, रायफली रिकाम्या, बोल्ट बाहेर काढून वेगळे ठेवलेले. हळदकुंकू दस्त्याला लावा, यंत्राच्या आत नको. एका वर्षीची झेंडूची पाकळी मी चिमट्याने काढलीय.

वारा

सकाळी नऊपर्यंत सगळे अर्जुन असतात. दहाला वारा सुटतो. ताशी दहा मैलांचा आडवा वारा या गोळीला शंभर यार्डांवर साधारण चार इंच सरकवतो आणि दोनशेवर फूटभर, क्वचित त्याहून जास्त. म्हणजे आठ इंचांच्या तबकडीवर सरळ नेम धरला तर गोळी तबकडीबाहेर.

यंत्र नको, फिती लावा. नारिंगी प्लॅस्टिकची फीत काठीला बांधून ५०, १०० आणि १५० यार्डांवर रोवा. तिन्ही फिती तीन दिशांना उडताना दिसतील आणि नवखा विचारेल, मग कुठली खरी? नेमबाजाजवळच्या फितीला जास्त मान द्या. तिथे गोळी वळली की पुढच्या सगळ्या वाटेवर ती चूक वाढत जाते. ऊन चढल्यावर स्कोपातून तबकडीवर पाण्यासारख्या लहरी दिसतात. त्या ज्या बाजूला वाहतात तिकडे वारा. सरळ वर उकळत असतील तर वारा पडलाय, किंवा तुमच्या रेषेतच वाहतोय.

सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे थांबणं. पाच गोळ्यांना आम्ही तीन मिनिटं देतो, ती मुद्दाम जास्त आहेत. फीत जशी होती तशी परत येईपर्यंत बोट बाहेर ठेवून पडून राहायचं. ज्यांना हे जमतं ते जिंकतात. आमच्याकडे गेल्या वर्षी पहिल्या आलेल्या ताईंनी त्याआधी कधी रायफल पाहिलीही नव्हती. भरतकाम करतात. त्यांची जोडी ज्याच्याशी होती त्या पट्टीच्या नेमबाजाने दोनशेवर एकच वाजवली, ताईंनी चार.

जेवण आणि आवराआवर

पॉइंट टू-टूच्या गोळीवर तांब्याचं आवरण नसतं किंवा नावापुरता मुलामा असतो, हाताला शिसं लागतंच. म्हणून नेमबाजी संपेपर्यंत खाणं रेषेवर नाही, आणि जेवणाआधी साबणाने, गार पाण्याने हात धुणं सक्तीचं. चिवड्याला हात घालणारे सगळ्यात आधी पकडावे लागतात. घरी गेल्यावर कपडे वेगळे धुवा, लहान बाळ असेल तर त्याला घेण्याआधी बदला. बिअर असेल तर रायफली पेट्यांत कुलूपबंद होऊन गाड्यांत गेल्यावर, आणि गाडी चालवणाऱ्याला तेव्हाही नाही.

पुंगळ्या झाडून भरा, तबकड्या उतरवा, फिती काढा. बक्षीस साधं ठेवा. आमच्याकडे स्प्रेने सोनेरी केलेली, भोकं पडलेली एक जुनी तबकडी फिरती आहे. पहिला आणि शेवटचा दोघांनाही ती सहा-सहा महिने घरी ठेवावी लागते.

एक शेवटचं, आणि हे फक्त आपल्या लोकांसाठी. रेंजवर नेलेली सॅक पुन्हा प्रवासाला वापरू नका. दसऱ्यानंतर दिवाळीला बरेच जण भारतात जातात. शिवणीत अडकलेलं एक काडतूस मुंबईच्या विमानतळावर क्ष-किरणात दिसलं तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि 'अहो, विसरून राहिलं' हे पोलिसांनी बऱ्याच जणांकडून ऐकलेलं असतं. रेंजची सॅक वेगळी, तिच्यावर रंगाने खूण. जॅकेटचे खिसे, पँटचे खिसे, गाडीचा कप होल्डर, मुलांचे खिसे, सगळं त्याच संध्याकाळी रिकामं करून बघा. मागच्या वर्षी मी हे सगळ्यांना बजावून घरी आलो आणि बायकोने कपडे धुवायच्या यंत्रातून दोन काडतुसं काढून माझ्या हातावर ठेवली.